पंधरावी शेळी

भिसेगाव, मार्गशीर्षातला गुरुवार, १९८७

टक्, टक्. वाघशेळीच्या डावात शेवटच्या शेळीचा चिंचोका ठेवण्याआधी माझा जुना सोबती नामदेव तो दोनदा जमिनीवर आपटायचा. संध्याकाळपासून तोच आवाज कानात आहे.

सूनबाई साजगावच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करते. माझ्या हट्टापायी तिने आमचा डाव त्या कॉम्प्युटरला शिकवला. एक वाघ, पंधरा शेळ्या, होतील तेवढ्या साऱ्या चाली. आज हसत म्हणाली, "मामंजी, शेळ्या चुकल्या नाहीत तर वाघ कोंडला जातोच. दर वेळी."

पण वाघ तर कायम माझा! तीस वर्षं दहिवलीला नामदेवच्या ओट्यावर मीच जिंकलो, आणि जिंकल्यावर शाळेतली एकेक कविता चालीवर म्हटली. गेल्या वर्षी मी इथे मुलाकडे राहायला आलो आणि डाव थांबला. म्हणजे तो दर वेळी चुकला? भाताचा बांध सुतात घालणारा माणूस? चुकला, की मुद्दाम चुकला? ती टक्-टक् म्हणजे... मास्तरची दया केली लेकाने! चहा गोड लागला नाही.

एवढं लिहिलं आणि दारावर थाप पडली. नामदेवच! गुडघे धरल्यापासून वर्षभर घराबाहेर पडला नव्हता, टेंपोतून आला. मी दारातच विचारलं, "का रं हरायचास?"

"आता कळलं व्हय? जिंकनाऱ्यानं कविता म्हनायची, ह्यो नेम तुमचाच. मी जिंकलो असतो तं कोन म्हनलं असतं?" उंबऱ्यावर टेकत म्हणाला, "वरीस झालं, मास्तर. एक नाय आयकली."