आबांनी न शिकवलेला हुकूम

८ जाने. ६७
एस.एस.सी.चा फॉर्म भरला. बाहेरून, सातारा केंद्र. मागच्या खेपेला सगळे विषय निघाले, एकट्या इंग्रजीनं दगा दिला. पास झाले की शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाणार. सासूबाईंचं म्हणणं, ही शेवटची खेप. पुन्हा नापास झाले तर पुस्तकं माळ्यावर. कबूल केलं. नापास होतंय कोण?

११ जाने.
गाइडात 'फॉल' हा एक शब्द आणि त्याला ही शेपटं! इन, आउट, बॅक, थ्रू... पडणे एवढंच ठाऊक होतं. आबांना विचारलं. सासरे बावीस वर्षं फौजेत, सुभेदार होऊन आलेले. म्हणाले, "फॉल इन म्हंजी फॉल इन. ह्येला अर्थ नसतोय पोरी, हुकूम असतोय. चल अंगणात."
पदर खोचून रांगेत उभी राहिले. रांगेत मी एकटीच. फॉल आउट म्हटलं की वळून सुटायचं. सासूबाई ताक करता करता, "आवं, सुनंला पलटणीत धाडताय व्हय?"
गाइडाला महिनाभर जमलं नाही ते दहा मिनिटांत डोक्यात बसलं.

१६ जाने.
'फॉल आउट'चा दुसरा अर्थ बिनसणे. आबांना मान्य नाही. "रांगंतनं सुटलं की भांडत्यात, म्हणून म्हणत असत्याल." उदाहरण घरातच मिळालं. चहात साखर कमी पडली, आबा-सासूबाई सकाळपासून अबोला. वाक्य वहीत लिहिलं. दाखवलं नाही.

२ फेब्रु.
'फॉल इन लव्ह' आबांना कसं विचारणार? ह्यांना पत्रात विचारलं होतं. आज छावणीतून उत्तर : ह्याची कवायत फौजेत नसते, रजेवर आलो की बघू. लाजले, उगाच कशाला लपवू. पत्र ट्रंकेत तळाशी.

१० फेब्रु.
'फॉल बॅक' निघालं. माघार घेणे. आबा म्हणाले, "त्यो हुकूम म्या शिकवायचा न्हाई." आणि उसाला पाणी धरायला गेले. आज पाण्याची आपली पाळीच नव्हती. मला रागच आला. शिकवायचं तर पुरतं शिकवावं ना.

११ फेब्रु.
सकाळी आबांनी आपणहून सांगितलं. इटलीतली लढाई. ज्ञानू, विट्याकडचा, आबांचा जोडीदार. त्याच्या पायात गोळी, आणि वरून फॉल बॅकचा हुकूम.
"हुकूम आला, म्या मागं फिरलो. त्यो हाका मारत ऱ्हायला. त्येच्या घरी अजून गेलो न्हाई. काय त्वांड दावू?"
सासूबाईंनाही हे आजवर ठाऊक नव्हतं. दारात उभ्या राहून रडत होत्या. कालच्या रागाची मला लाज वाटली.

१७ मार्च
इंग्रजीचा पेपर. प्रश्न आलाच : 'फॉल'चे चार प्रयोग वाक्यात करा. तीन गाइडातले लिहिले. चौथं माझं, फॉल बॅकचं. सासरे हुकुमानं मागे फिरले, म्हणून माझे पती जन्माला आले, असं. व्याकरण बरोबर आहे, छातीठोक सांगते.
आबा स्टँडवर थांबले होते. "काय लिवलंस?" मराठीत सांगितलं. पुन्हा सांग म्हणाले. पुन्हा सांगितलं. मग गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. परवानगी न घेता लिहिलं हे खरं, पण खोडायला सांगितलं असतं तरी खोडलं नसतं.

१९ मार्च
आबा सकाळी कोट घालून तयार. "विट्याकडं जाऊन येतो. ज्ञानूची बायकू हाय म्हणत्यात अजून." सासूबाईंनी भाकरी बांधून दिली. मी विचारलं, सोबत येऊ?
"नगं. ह्यो पेपर माजा हाय."
निकाल जूनमध्ये. मी पास होणार, त्याची चिंता नाही. संध्याकाळची गाडी येऊन गेली, आबा उतरले नाहीत. सासूबाई दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आल्या. आता फाट्यावर मी निघालेय.