एक बस सोडा

उदगीर, १२ जून २०२५

चि. सौ. मंजुश्री हिस,

शरणार्थ. इकडे सगळे ठीक. जळकोटला पेरण्या सुरू झाल्या का?

तू, मी आणि उदगीरच्या चौकात बसमध्ये बसून घामाघूम होणारे सगळे, आपलं दुखणं एकच. दिल्लीत धोरण ठरतं ते गाड्यांसाठी. रस्ता रुंद केला की चार वर्षांत गाड्या त्याला पुरून उरतात, कोंडी जागच्या जागी. आपल्याला बायपास हवा, आणि त्याच्याही आधी दर अर्ध्या तासाला एसटी हवी. हे मी चार मेच्या रास्ता रोकोत गरजलो. आजही त्यातला शब्द मागं घेणार नाही.

तुझी वहिनी टोमणा मारते, "कोंडी फोडायला रस्ता अडवणारे तुम्हीच पहिले बघा!" मी हसून सोडून देतो.

त्याच रविवारी तुझ्या तनुजाची डॉक्टरकीची नीट परीक्षा होती. तिची लातूरची बस आमच्या आंदोलनात अडीच तास अडकली. दीडला गेट बंद झालं. पोरीचं वर्ष गेलं. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी म्हणालो, परीक्षेची तारीख ध्यानात नव्हती, ती बसमध्ये आहे हे कळलंच नाही.

पहिलं खरं आहे. दुसरं नाही.

कंडक्टर मलप्पा गर्दीतून माझ्यापर्यंत आला होता. म्हणाला, "सायेब, परीक्षेची पोरगी हाय बशीत. तुमचीच भाची म्हनतीया. एक बस सोडा की."

माझ्या हातात माईक होता. मी माईकमधूनच उत्तर दिलं, "माझी सख्खी भाची असली तरी चाक हलणार नाही!"

लई टाळ्या पडल्या, मंजू. खिडकीतून तनुजा बघत होती. तिनं तुला हे सांगितलं नाही, मामाची लाज राखली.

त्या दिवशी मी ॲम्ब्युलन्स सोडली, दुधाचा टेम्पोसुद्धा सोडला. एक बस सोडल्यानं आंदोलन मोडलं नसतं. मोडलं असतं ते माझं भाषण.

मंगळवारी लातूरला केंद्राची समिती वाहतूक धोरणावर लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं होतं. ते खोडून मी तनुजाचं लिहून दिलंय. कोंडीनं काय जातं ते तिनं सांगावं. माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण अकरा वाजता तिला घेऊन ये.

खाली बसून ऐकणारा,
तुझा अण्णा
बसवराज