स्वतःलाच छापणारा प्रोग्राम

९ जून, सोमवार
आमच्या अपेक्षाला पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलं. म्हटलं, नोकरी परभणीतही मिळेल, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये एवढं अवघड काय आहे? चोवीस वर्षं गणित शिकवतोय मी. पोरीने पैजच लावली. चालवला की स्वतःचाच मजकूर अक्षरन्‌अक्षर स्क्रीनवर छापेल, असा प्रोग्राम लिहायचा. प्रोग्रामने स्वतःची फाईल उघडून वाचायची नाही. शनिवारपर्यंत जमलं तर ती पुण्याला जाणार नाही.
बुधवारपर्यंत होईल.

१० जून, सकाळी ६
स्नान, पूजा, मग लॅपटॉप. सवयीने पहिल्या ओळीत ‘श्री नृसिंह प्रसन्न’ लिहिलं. यंत्राने तिथेच चूक दाखवली. अपेक्षाने ओळीआधी एक चिन्ह टाकलं. म्हणे, आता कॉम्प्युटर ही ओळ वाचायचाच न्हाई, बाबा.
वाईट वाटलं. बाकी पाया तयार.

११ जून
एक ओळ छापायला दुसरी लागते. दुसरी छापायला तिसरी. दिशा बरोबर आहे, ओळी कमी पडतायत. दुपारी लाईट गेली, नाहीतर आजच झालं असतं.

१२ जून
एकशे चार ओळी लिहिल्या. एकशे तीन छापल्या. म्हणजे झालंच.
ताट वाढून घंटा झाला म्हणून अपेक्षाची आई, मालन, चिडली. म्हणाली, त्या डब्ब्याला सोताचं सांगता येईना, अन् तुमी पोरीचं काय सांगायलात? तिला तांत्रिक बाजू कळत नाही. अपेक्षाच्या कपड्यांना इस्त्री करत बसली होती. आत्तापासून कशाला?

१३ जून
थकलो. सगळं पुसलं. शेवटी देवाची ओळही पुसली. नाव मनात घेतलं. रिकामी फाईल चुकून चालवली गेली. यंत्राने तक्रार केली नाही. स्क्रीनवर काही नाही, फाईलमध्येही काही नाही. तंतोतंत!
जमलं. उद्या पोखर्णीच्या नृसिंहाला नारळ.

१४ जून, शनिवार
प्रसाद हातावर ठेवून अपेक्षाला फाईल दाखवली. वाटलं, हसेल. तिने स्वतः एकदा चालवून पाहिली. मग म्हणाली, नियमात बसतंय, बाबा. जिंकलात तुमी. न्हाई जात. आणि बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवायला लागली. एकेक, घडी न मोडता.
चौथ्या ड्रेसला मीच म्हटलं, राहू दे. रिकाम्या फाईलला कोणी प्रोग्राम म्हणतं का?
आतून मालनचा आवाज आला: लय लवकर कळलं.

१६ जून, सोमवार
काल देवगाव फाट्यावरून अपेक्षाला पुण्याच्या गाडीत बसवलं. पोचल्याचा फोन आला. आजपासून शाळा सुरू.
खरा प्रोग्राम उद्यापासून. चार दिवसांत होईल. मग तिला बोलावता येईल.
संध्याकाळी तिच्या खोलीत बसून रिकामी फाईल पुन्हा चालवली. एकही चूक नाही.