तुझी डावी चप्पल परत करण्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा, पण सध्या वाकायला जागा नाही आणि कंबरही ऐकायच्या मनःस्थितीत नाही, तेव्हा बसल्याजागी केलेला गोड मानून घे. तुझी प्रकृती कशी आहे, असं पत्राच्या सुरुवातीला विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. उत्तराची गरज नाही. परवा सकाळी तुझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे हे मला कळलेलं आहे. (कोणाकडून ते विचारू नकोस. भावोजींनी सांगितलं.) 'कुणाला कळवायचं नाही, आणि तिला तर मुळीच नाही,' असं तू त्यांना बजावलं होतंस, हेही त्यांनीच सांगितलं. कागद चित्रकलेच्या वहीतला आहे आणि शाई जांभळ्या स्केचपेनची, त्याला इलाज नाही. पाठीमागे जो हत्ती दिसेल तो हत्ती नसून तू आहेस, असं माझ्या थोरलीचं म्हणणं आहे. मी तिला दुरुस्त केलं नाही.

गेल्या वर्षी तुझ्या दिवाणखान्यात, भावोजी, तुझा चिरंजीव आणि साखर मागायला आलेल्या समोरच्या शिक्षिकाबाई अशा भरल्या सभेत तू काय म्हणालीस, ते तू विसरली असशील. बोलणारे विसरतातच. 'हिला स्वतःची चप्पल सापडत नाही, ही दोन मुलं काय सांभाळणार! एकटीला गाडीत घालून पाठवलं तर पहिल्या पेट्रोल पंपावरून रडत फोन करेल.' आणि एवढं बोलायला कारण काय, तर धाकट्याने तुझी काचेची फुलदाणी फोडली. (फुलदाणी भिकार होती. ती तुला मीच भेट दिली होती, म्हणून खात्रीने सांगते.) तू स्वतः हाक मारून बोलावल्याशिवाय तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं मी तिथल्या तिथे सुनावलं आणि दोन्ही पोरांना काखोटीला मारून तरातरा निघाले. आमचे हे गाडीत आधीच जाऊन बसले होते. आपलं भांडण सुरू झालं की त्यांना टायरमधली हवा तपासावीशी वाटते. निघणं फार बाणेदार झालं. घरी पोचून बघते तर एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात तुझी! माझी उजवी, तुझी डावी. दोघींनी एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या त्या तपकिरी चपला. तुझी अर्धा नंबर मोठी, एवढाच फरक. म्हणजे तुझं वाक्य मी दहा मिनिटांत खरं करून दाखवलं. तू फोन करून ते मला ऐकवलं नाहीस, हा तुझा मोठेपणा, पण चप्पलही मागितली नाहीस, हा तुझा आडमुठेपणा. मी पाठवली नाही, तो माझा. बाबांच्या पोटी जन्म घेतल्यावर दुसरं काय होणार!

तर ऑपरेशनचं कळल्यावर ठरवलं, की चप्पल नेऊन द्यायची. आमचे हे चार महिन्यांसाठी कंपनीच्या कामावर दूर गेलेत, तेव्हा मी, सहा वर्षांची थोरली, तीन वर्षांचा धाकटा आणि भावोजींनी पूर्वी कधीतरी लिहून दिलेला प्रवासाचा तक्ता, असे चौघे निघालो. भावोजींचा जन्म बसखात्यात वेळापत्रकं करण्यात गेला, आणि त्यांच्या वेळापत्रकात लहान मूल ही वस्तूच नसते. सहा वाजता प्रस्थान. आठ चाळीसला घाट. चहा वीस मिनिटं. बारा दहाला आगमन. आमचं प्रस्थान सव्वानऊला झालं, कारण धाकट्याला आंघोळीचा लाल मग बरोबर हवा होता आणि तो मग धाकट्यानेच कुठेतरी ठेवला होता. मग सापडल्यावर निघालो, तर कोपऱ्यावर थोरली मागून म्हणाली, 'आई, गॅस बंद केलास? नक्की? डोळ्यांनी पाहिलंस?' हा 'नक्की' तिने तुझ्याकडून उचलला आहे. तोच सूर, तीच मान वाकडी. मी तीनदा परत फिरले. गॅस तिन्ही वेळा बंदच होता.

गाडी सुरू झाली की मुलं पटकन झोपतात, हा शोध ज्या विद्वानाने लावला त्याला मूल नसावं, किंवा गाडी तरी नसावी. आमच्या गाडीत फक्त एकाच व्यक्तीला झोप येत होती आणि दुर्दैवाने स्टिअरिंग तिच्या हातात होतं. मागच्या सीटवर पहिला तासभर 'ती माझ्या खिडकीतून बघते' या विषयावर वाद चालला. खिडकीतून बघण्याची मालकी कशी ठरवायची हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी मी हात टेकले आणि ज्या फोनवर रस्ता बघत होते तोच फोन कार्टूनसाठी मागे दिला. (हो, दिला. मुलांच्या हाती फोन देणाऱ्या आयांबद्दल तुझं मत मला तोंडपाठ आहे.) मग घाट लागला. घाटात कार्टून बघितलं की पोटात काय होतं, हे धाकट्याने तिसऱ्या वळणावर दाखवून दिलं. तो लाल मग कामाला आला, तेवढ्यापुरतं पोराचं कौतुक करायला हवं; एक थेंब बाहेर सांडला नाही. पण पाठोपाठ फोनही मगातच पडला. मगात त्या वेळी काय होतं ते तू एक मूल वाढवलेलं आहेस, तुला सांगायला नको. तेव्हापासून फोनवरची रस्ता सांगणारी बाई कायमची गप्प झाली. थोरली मात्र तिची जागा घ्यायला तयारच होती.

पहिल्या पेट्रोल पंपावर मी रडले नाही, याची नोंद घे. (तिसऱ्यावर रडले. पण तुला फोन केला नाही.) तिसऱ्या पंपावर स्वच्छतागृहाची किल्ली एका हातभर लाकडी फळीला बांधलेली होती, लोकांनी पळवू नये म्हणून. ती किल्ली कोण पळवणार, हे तिथे आत गेल्यावर मला कळेना. एकाला गाडीत ठेवता येत नाही म्हणून तिघं त्या खुराड्यात शिरलो. थोरलीचं झालं. धाकट्याला नको होतं. माझी पाळी आली तेव्हा धाकट्याने कडी काढली आणि फळी काखेत धरून पळ काढला. पुढचं सगळं लिहीत नाही. पंपावरच्या माणसाने तोंड दुसरीकडे फिरवलं, तो घरंदाज असावा. फळी परत मिळाली ती हवा भरायच्या यंत्रामागे. तिथेच चाकाजवळ बसून मी जेमतेम दोन मिनिटं रडून घेतलं. थोरली बाजूला उभी राहून 'आईला धूळ गेलीय डोळ्यांत' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला, कोणी विचारलं नसतानाही, सांगत होती.

पुढे जेवायला थांबलो. मी तीन ऑम्लेट मागवली. थोरलीला पांढरा भाग नको होता, धाकट्याला पिवळा नको होता, म्हणजे देवाने जोडी जमवल्यासारखीच होती, पण एकमेकांच्या ताटातलं दोघांनाही चालत नव्हतं. शेजारच्या टेबलावर इस्त्रीची घडी न मोडलेल्या एक बाई एकट्याच कॉफी पीत होत्या. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, 'मुलांशी नुसतं शांतपणे बोलायचं असतं हो. ऐकतात ती.' मी शांतपणे 'हो का' म्हटलं. धाकट्यानेही शांतपणे त्यांच्या कॉफीत टोस्ट बुडवला. बाई उठून उभ्या राहिल्या आणि जे काही बोलल्या ते अजिबात शांत नव्हतं. ताई, जगात सल्ला देणाऱ्यांचा सुकाळ आहे, पण पाच मिनिटं पोर धरायला कुणी पुढे येत नाही.

आता मुख्य गोष्ट. मी चपला काढून अनवाणी गाडी चालवते, हे तुला ठाऊक आहे आणि पसंत नाही. पायातल्या नव्या सँडल मी मागे, मुलांच्या पायाशी ठेवल्या होत्या. नदीवरचा मोठा पूल यायच्या आधी दोघांनाही बजावलं, की पाच मिनिटं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आणि पहिल्यांदाच त्यांनी ऐकलं! पुलावरून मी राणीसारखी गाडी नेली. पूल मागे पडून बरंच अंतर गेल्यावर थोरली म्हणाली, 'आई, झाली का पाच मिनिटं? याने तुझी सँडल पाण्यात टाकली.' तेव्हाच का नाही सांगितलंस, असं मी ओरडले, तर म्हणते, 'तूच म्हणालीस बोलायचं नाही.' ती तरंगते का ते त्याला बघायचं होतं. (तरंगली, असं कळतं.) उरलेल्या एका सँडलचं मी काय केलं ते सांगत नाही, पण त्या रस्त्याच्या कडेला ती अजून असेल. आणि मग डिकीत, तुला परत द्यायच्या पिशवीत, एकच जोड शिल्लक होता. माझी उजवी आणि तुझी डावी.

म्हणजे ज्या चपला घालून मी गेल्या वर्षी तुझ्या घरातून ताठ मानेने बाहेर पडले, त्याच घालून, केसांत टोस्टचा चुरा आणि कुर्त्यावर मगातून फोन काढताना लागलेली घाटाची खूण मिरवत, मी आज तुझ्या शहरात शिरले. सबंध रस्ताभर मी मनाशी घोकत आले होते, की तुझ्या दारात अशी उतरेन, की तुझं तोंड बघण्यासारखं होईल. मुलांचे भांग पाडलेले असतील. मी हलकेच हसेन. 'सहज आलो,' असं म्हणेन. कसचं काय! बारा दहाच्या जागी साडेपाचला तुझ्या गल्लीत वळले आणि सव्वाआठ तासांत जे झालं नाही ते त्या वळणावर झालं. दोघंही झोपली. एकमेकांच्या अंगावर, तोंडं उघडी टाकून.

तेव्हा ताई, मी तुझ्या फाटकासमोर गाडीत बसून हे पत्र लिहिते आहे. वही स्टिअरिंगवर टेकवली आहे, म्हणून अक्षर असं गोल गोल गेलंय. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा आहे. तू काठी घेऊन ओट्याशी उभी आहेस आणि एकटीच काहीतरी चिरते आहेस, तेही इथून दिसतंय. चिरंजीव शिकायला गेलेले, भावोजी कामावरून यायचे, आणि तू परवाच्यासाठी आधीच सगळं करून ठेवत असणार. 'कुणाला कळवायचं नाही' म्हणे! मला फार राग आला. गेल्या वर्षी आला होता त्याहूनही जास्त.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार सांग, आणि त्यांच्या तक्त्याबद्दल मी समक्ष बोलेन.

तुझी, अजूनही न निवळलेली,
धाकटी बहीण

ता. क. : हॉर्न वाजवला तर मुलं उठतील म्हणून तो वाजवत नाही. फाटकाशी येऊन 'ये' एवढं म्हण, म्हणजे माझा शब्द राहील. मी तीन आठवड्यांची रजा काढून आले आहे. याचा अर्थ मी माफ केलं असा घेऊ नकोस. तुझा गुडघा वाकायला लागला की उरलेलं भांडण सावकाश पुरं करू.

ता. क. २ : मुलं उठली आहेत. खरं म्हणजे मघाशीच, 'सहज आलो' लिहीत होते तेव्हाच उठली; हॉर्न न वाजवायला मला निमित्त हवं होतं. धाकटा तुझ्या फाटकावर चढून बसलाय आणि त्याचं एक बिजागर पूर्वीपासूनच ढिलं होतं, हे मी लेखी नमूद करते. पत्र थोरलीच्या हातून पाठवते आहे. उंबऱ्याची शपथ मी घेतली होती, तिने नाही. तिच्या अंगात माझा टी-शर्ट का आहे ते तिला विचारू नकोस, ती सविस्तर सांगेल. तिच्याबरोबर तुझी डावी चप्पल आहे. माझी डावी तू टाकून दिली नसशील, मला ठाऊक आहे. दाराच्या मागे असेल.

ता. क. ३ : आत्ता लक्षात आलं, तुझ्या पुढच्या दाराला चार पायऱ्या आहेत आणि तू त्या कशा उतरतेस ते भावोजींनी मला सांगितलंय. तू बाहेर येऊ नकोस. खिडकीतून हाक मारलीस तरी चालेल, फक्त समोरच्या शिक्षिकाबाईंना ऐकू जाईल इतकी मोठ्याने मार, त्या दिवशीचंही त्यांनीच ऐकलं होतं. आणि हाक मारणं तुझ्या फारच जिवावर येत असेल, तर तेही राहू दे. पोरगी बराच वेळ परत आली नाही तर तिला शोधायला मला एका चपलेवर का होईना, आत यावंच लागेल. त्याला कुणी शब्द मोडला असं म्हणणार नाही. म्हणून तेवढं कर, ताई. तिला काहीतरी खायला दे, आणि लवकर बाहेर सोडू नकोस.