डावीकडे काय?

प्रिय दादा,

खुंटीवर गाडीच्या किल्लीऐवजी हे पाकीट बघून तू घर डोक्यावर घेतलं असशील. वहिनीवर चिडू नकोस, तिला काही माहीत नाही. किल्ली मी उचलली आहे. तोंडावर सांगायला गेले असते तर तू नेहमीसारखं हसण्यावारी नेलं असतंस, आणि मीही चहा पिऊन गुमान परत आले असते. आधी वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

मोटारसायकल तू मला शिकवलीस ती आधी मागे बसवून. मी तुझं शेपूटच ना! पुढे काय, असं तू हेल्मेटमधून ओरडायचास आणि मी सांगायचं. उभ्या मोटारीत माणूस बसलाय, म्हणजे दार उघडेल. बस थांबली आहे, तिच्या पुढून कुणीतरी पळत येईल. ट्रकवाल्याचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नाही, म्हणजे त्यालाही आपण दिसत नाही. आई म्हणायची, पोरीला गाडी शिकवतोयस की भविष्य सांगायला? पण आपण कुणालाच दिसत नाही असं धरून चालवायचं, या तुझ्या ब्रह्मवाक्यावरच मी आजवर धडधाकट आहे.

मागच्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी तुझ्या मागे बसले. डावीकडच्या गल्लीतून एक टेम्पो हळूहळू तोंड बाहेर काढत होता. मला वाटलं, तुला दिसलाच असणार. मी किंचाळले तेव्हा कुठे तू ब्रेक दाबलास, आणि वर त्या बिचाऱ्याचाच उद्धार केलास. तो केव्हाचा दिसत होता, दादा. डावा इंडिकेटरही यंदा दोनदा फुटला, आणि दोन्ही वेळा दोष पार्किंगवाल्याचा. तरी मी मनाची समजूत घातली, की चुकतं माणसाचं एखाद्या वेळी.

काल आमची चिमणी तुझ्याबरोबर पोहून आली आणि फुशारकी मारायला लागली. मामाच्या खेळात म्हणे ती एकदम हुशार झाली आहे. मामा प्रत्येक वळणावर विचारतो, डावीकडे काय? आणि ती बरोबर सांगते. तू मला पुढे काय विचारायचास, पण उत्तर तुला आधीच ठाऊक असायचं. दुसरीतली पोर तुझा डावा डोळा झाली आहे, आणि तिला वाटतंय खेळ चाललाय. खूप राग आला तुझा. मग रडूच आलं, कारण हे कुणाला न सांगता तू एकटाच किती घाबरला असशील. उद्या सकाळी येते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. गाडी मी चालवणार, तू मागे बसायचं. त्याच्या पुढे काय, ते मला नाही सांगता येत. पण बोटं ब्रेकवर ठेवूनच चालवीन, तू शिकवलंस तशी.

तुझंच,
शेपूट