मॅग्नमचं बॅरल

अंबत्तूर, चेन्नई
१४ जुलै २००४

प्रिय मकरंदा,

काल ऑफिसातून तुला दोनच ओळींची ईमेल टाकली, की नवं बॅरल हातात आलं तरी माझं पत्र पोचेपर्यंत एकही बार उडवायचा नाही. तू नक्की म्हणाला असशील, ताईला कधीपासून बंदुकीतलं कळायला लागलं! नाहीच कळत रे. पण ऑफिसात पाठीमागे माणसं उभी असताना पुढचं लिहवेना, आणि घरी फोन आप्पांच्या खुर्चीशेजारीच आहे.

शनिवारी तू आप्पांना विचारलंस, सशांच्या शिकारीसाठी एका वेळी एकच गोळी बसणारं पिस्तूल घेतोय, त्याला साध्या पॉइंट टू-टू काडतुसांचं बॅरल, म्हणजे नळी, घेऊ की जास्त जोरकस मॅग्नमचं? परदेशात जाऊन सशांची शिकार म्हणे! झुरळ दिसलं की पलंगावर चढून मला हाका मारणारा तू! पण खरं सांगू, आप्पा इतके खुलले होते. कारखान्यात जन्मभर बंदुकीच्या नळ्या तपासलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून कोणी त्यांना त्यातलं काही विचारलंच नव्हतं. नंतर फोन माझ्या हातात आला तेव्हा तू म्हणालास, ताई, तू उगाच बाऊ करतेस, आप्पा ठणठणीत आहेत.

बाऊ! अरे, इतकी वर्षं इथल्या बाजारात घडाघडा तमिळ बोलणारे आप्पा आता भाजीवालीपुढे उभे राहिले की शब्दच आठवत नाहीत त्यांना. हसत हसत तिच्याशी मराठीतच बोलतात, आणि ती बिचारी बोटांनी भाव दाखवते. मागच्या महिन्यात एग्मोर स्टेशनला उतरले आणि कुठे जायचं तेच सुचेना, म्हणून बाकावर बसून राहिले. हे तुला सांगितलं तर तू म्हणालास, वय झालं की होतं असं.

शनिवारी तुमचं बोलणं चालू असताना त्यांच्याच खात्यातले व्यासराजकाका आले होते. आप्पा तुला छातीठोक सांगत होते, मॅग्नमचंच घे, त्यात साधी काडतुसंही चालतात, सरावाला स्वस्त पडतील. काकांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. जिन्यात त्यांनी मला समजावलं. साधं काडतूस बारीक असतं, मॅग्नमच्या बॅरलमध्ये ते सैल बसतं. बार उडाला की त्याचं कवच फाटून कढत वायू मागे येऊ शकतो, हातावर, डोळ्यांत. काडतूस सैल बसवलं म्हणून आप्पा नव्या माणसांना फैलावर घ्यायचे, म्हणाले. हे सांगताना काकांना रडू आलं.

तेव्हा बाबा रे, साधं पॉइंट टू-टूचंच घे, सशाला ते पुरतं असं काका म्हणतात. मॅग्नमचं आलंच असेल तर त्यात मॅग्नमचीच काडतुसं घाल, आणि तिथल्या दुकानदारालाही विचारून घे. आप्पांना मी यातलं काही बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलू? शनिवारपासून ताठ मानेने फिरताहेत घरात.

आता मुद्द्याचं. बॅरलपुरतं त्या दोन ओळींतही सांगून झालं असतं. सोमवारी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते तू आलास की सांगेन, आत्ता लिहवत नाही. हा आजार वाढतच जाणार आहे. मला एकटीला फार भीती वाटते, मक्या. आप्पा रोज विचारतात, मकरंदाने मॅग्नमचंच घेतलं ना? फोनवर तू हो म्हणशील, पण तू खोटं बोललास की तुझ्या आवाजावरून त्यांना अजून लगेच कळतं. ते कळतंय तोवर ये.

तुझीच,
ताई