लुगडं जुळलं, हात जुळेना

प्रिय कुंदन,

तू पाठवलेला पेनड्राइव्ह आणि सिनेमा दाखवण्याच्या कार्यक्रमाची पत्रिका, दोन्ही मिळालं. शेजारच्या दिपालीने पेनड्राइव्ह टीव्हीला लावून दिला आणि मी सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, बाई, रंग जुळले का तेवढं सांगा, बाकी काही नको. जन्मभर मी वर्ध्याच्या शाळेत चित्रकला शिकवली. रंगाच्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवली नाही, पोरं वर्गात रडायची. तुझीही ठेवणार नाही. हे पत्र बसून वाच, आणि तुझ्या बापासमोर वाचू नकोस.

आधी चांगलं सांगते, कारण ते थोडंच आहे. 'शेवटची वेचणी' हा माझ्या नवऱ्याने काढलेला एकुलता एक सिनेमा. अख्खा तालुका त्यांना भैयाजी म्हणायचा, मग मीही तेच म्हणू लागले. तळेगावच्या बाजूला कपाशीच्या शेतांत तो चित्रित झाला, थिएटरात कधी लागला नाही आणि मूळ फिल्म कुठल्याशा गोदामात सडली. मागे राहिल्या तीन आवृत्त्या. पहिली व्हिडिओ कॅसेट, तिच्यात सगळे प्रसंग पूर्ण आहेत, पण लाल रंग कडेने फुटतो आणि माणसं काळवंडलेली दिसतात. मग सीडी, तिच्यात आभाळाचे चौकोन पडतात आणि अख्खं शेत शेवाळल्यासारखं दिसतं. शेवटी डीव्हीडी, स्वच्छ, उजळ आणि जागोजागी कापलेली. या तिन्हींतून तू एक सलग सिनेमा उभा केलास. कॅसेटचा तुकडा कुठे संपतो आणि डीव्हीडीचा कुठे सुरू होतो, ते साध्या माणसाला आता कळायचं नाही. देवळीत लग्नांच्या शूटिंगवर पोट भरणाऱ्या मुलाने हे केलं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. इथे कौतुक संपलं.

कॅसेट न्यायला तू घरी आला होतास तो दिवस मला चांगला आठवतो. दारात उभा राहून तू सांगितलंस की शेवटच्या प्रसंगात जी कापूस वेचणारी बाई आहे ती तुझी आई, रामबाई. तुला कळायच्या आत ती गेली, घरात तिचा एकही फोटो नाही, आणि हलता-चालता तिचा एवढाच पुरावा जगात आहे. मग तू पाणी प्यायलास, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलंस आणि म्हणालास, बाई, तुमी तिले पाह्यलं असन ना? मी म्हटलं, पाहिलं होतं. आणि कॅसेट तुझ्या हातात ठेवली. गुडघे दुखत होते, तू लवकर जावास असं वाटत होतं.

त्यानंतर दर महिन्याला तुझं काही ना काही येत राहिलं. तू लिहिलंस की तीन ठिकाणचे रंग जुळवायचे तर एखादी न बदलणारी खूण धरावी लागते. कुणी आभाळ धरतं, कुणी पांढरं धोतर धरतं, पण आभाळ घटकेला बदलतं आणि धोतर धुतल्यावर बदलतं. तू धरलंस ते तुझ्या आईच्या हातावरचं गोंदण. मोठी आई तुला लहानपणी सांगायची की आपल्या बाया मरतात तेव्हा सोनं-चांदी सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत जातं. जे मरणानंतरही बदलत नाही ते कॅसेटमध्ये कसं बदलेल, असा तुझा हिशेब. मला तो वाचून बरा वाटला होता, आणि त्याच हिशेबाने तुझा घात केला.

कारण मग तुझी रड सुरू झाली. बैलांचे रंग जुळले, आभाळ जुळलं, कॅसेटमधलं फुटलेलं लाल लुगडं डीव्हीडीतल्या लाल लुगड्याशी सूत न सूत जुळलं. फक्त हात जुळेना. गोंदण जुळवलं की आभाळ जांभळं व्हायचं, आभाळ ठीक केलं की गोंदण एका ठिकाणी निळसर राखी आणि दुसऱ्या ठिकाणी मेंदीसारखं हिरवं. तू ठरवलंस, कॅसेट खराब आहे. डीव्हीडीत हात गोरा दिसतो, तोच खरा. मग तू कॅसेटमधला हात आणि गळा एकेका चित्रात वेगळा काढून उजळत बसलास, डीव्हीडीशी जुळेपर्यंत. शेवटी जुळला. तो आनंदाने ओथंबलेला मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे.

कॅसेट खराब नव्हती, कुंदन. त्या दोन वेगळ्या बाया आहेत.

कॅसेटमध्ये रामबाई आहे. डीव्हीडीत मी आहे.

त्याचं झालं असं. कॅसेट निघाल्यावर भैयाजींनी ती नागपूरच्या एका वितरकाला दाखवली. त्याने सिनेमा पाहिला, चहा प्यायला आणि म्हणाला, बाकी सब ठीक है भैयाजी, पण आखरीले हे काळी बाई काऊन ठेवली? तेवढा शेवट नव्याने काढून द्या, मग बोलू. भैयाजींनी आठवडा घेतला आणि मग होकार दिला. नवी नटी आणायची तर ती उन्हात उभी राहायला तयार हवी. मी गोरी होते, शाळेला सुट्टी म्हणून रिकामी होते आणि घरचीच होते.

पुढच्या हंगामात आम्ही त्याच शेतात गेलो. रामबाईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, पुन्हा तिचाच शॉट आहे. डोक्याला तेल लावून, वर्षभर जपून ठेवलेलं ते लाल लुगडं नेसून, तुला कडेवर घेऊन ती बांधावर येऊन उभी राहिली. भैयाजी तिच्याकडे बघेनात, म्हणून मीच तिला सांगितलं, की लुगडं सोड आणि मला दे, आज मी करणार आहे. तिने विचारलं, मी का करू मंग? मी म्हटलं, तू पोराकडे बघ. झाडाआड जाऊन तिने लुगडं सोडलं आणि माझी साडी गुंडाळून बाहेर आली. म्हणून तुझा लाल रंग सूत न सूत जुळला. ते लुगडं एकच होतं.

हात मात्र दोन होते. माझ्या कोऱ्या मनगटावर गोंदण हवं होतं, नाहीतर आधीच्या शॉटशी मेळ बसला नसता. मी पिशवीतून ब्रश आणि हिरवा-निळा रंग काढला आणि रामबाईला म्हटलं, इकडे ये, हात पुढे कर. तिचा हात माझ्या हाताला लावून ठेवला आणि ठिपका न ठिपका उतरवून घेतला. ती हलली तेव्हा मी तिच्यावर खेकसले. काळ्या कातडीखालचं गोंदण निळसर दिसतं आणि गोऱ्या कातडीवरचा रंग हिरवा दिसतो, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कोण बघतंय, म्हटलं.

पुनाजी बघत होता. तुझा बाप बैलांची वेसण धरून उभा होता, दोन्ही वेळेला. तू देवळीच्या दुकानात त्याला डीव्हीडीवरची माझी मान वळताना दाखवलीस, चित्र थांबवलंस आणि विचारलंस, हीच ना? तो म्हणाला, हो रे बाप्पा, हेच तुही माय. तू मला लिहिलंस की बाबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. येणारच. त्याने बायकोला उन्हात दुसऱ्याची साडी गुंडाळून बसलेलं पाहिलं होतं, आणि आता पोराला त्या दुसऱ्या बाईला आई म्हणताना पाहत होता. खरं सांगितलं तर तुझ्याजवळ काय उरेल, याचा त्याने विचार केला असावा. त्याने तुला एक आई दिली, जशी मिळाली तशी. ती मी आज काढून घेते आहे, आणि मला हे माहीत आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात रामबाई काविळीने गेली. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मी सुटले असं वाटलं. तू एकदा विचारलं होतंस, बाई, टेप शेवटच्या प्रसंगावरच एवढी काऊन झिजली, बाकी तर चांगली आहे. तर ऐक. नव्या शेवटाची डीव्हीडी आमच्या घरात आली तेव्हा भैयाजींनी तिचं पाकीटसुद्धा फोडलं नाही. पण कॅसेट ते लावायचे. जेवणं झाली की लावायचे, शेवटाकडे आणायचे आणि मागे फिरवून फिरवून तेवढंच बघायचे. रामबाई कपाळावरचा घाम हाताने पुसते, हाताआड तोंड झाकतं, ओटीतला कापूस सावरते आणि मागे न बघता बांधाकडे चालत जाते. मी स्वयंपाकघरातून बघायचे. त्यांनी तिला कधी बोटही लावलं नाही, तसली माझी तक्रार नाही. पण त्यांना आयुष्यात एकच गोष्ट नीट करता आली होती आणि तिच्यात मी नव्हते. जिच्यात मी होते ती त्यांनी पाकिटात ठेवली. यासाठी मी त्या मेलेल्या बाईचा जन्मभर दुस्वास केला, आणि तो मला भैयाजी गेल्यावरही पुरला.

आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. तुझ्या पत्रिकेवर डीव्हीडीतला माझा चेहरा मोठा करून छापलाय, त्याला चंदनाचा हार घातलाय आणि खाली 'कै. रामबाई' लिहिलंय. प्रमुख पाहुणी म्हणूनही माझंच नाव आहे. म्हणजे माझ्याच फोटोसमोर मी दिवा लावायचा. तू माझ्यासमोर उभा राहून पाणी प्यायलास तरी तुला ओळखू आलं नाही, इतकी मी म्हातारी झाले, हेही ठीक. पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, फोन केला असता. कारण वेगळं आहे. परवा तुझा सिनेमा संपत आला तेव्हा मी रामबाईची वाट बघत बसले होते, आणि ती आलीच नाही. बांधाकडे चालत गेली ती तिचीच चाल होती, पण हात माझा, गळा माझा, कातडी माझी. तू इतक्या मायेने तिला उजळत नेलंस की ती उरलीच नाही. वितरकाला जे अर्धं जमलं, मला जे जन्मभर जमलं नाही, ते तिच्या पोटच्या पोराने करून दाखवलं. मला वाटलं होतं, ती पुसली जाईल त्या दिवशी मी हसेन. मी टीव्ही बंद केला आणि न जेवता झोपले. कार्यक्रमाला मी येणार नाही. तू परत केलेली कॅसेट माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा आणि तिला काहीही न करता जशी आहे तशी लाव. चेहरा त्यातही धड दिसत नाही, हाताआड जातो. तेवढंच आहे, आणि तेवढं खरं आहे. आणि एक. त्या दुपारी शॉट संपल्यावर तू झाडाखाली रामबाईच्या मांडीवरून उतरलास आणि रांगत, ढेकळांतून, सरळ माझ्याकडे आलास, माझ्या अंगावरच्या लाल लुगड्याला धरून उभा राहिलास आणि मला सोडेनास. सगळे हसले. तुझी आईही हसली आणि म्हणाली, लुगड्याले वळखून राह्यला थो, मले नाई. मग ती उठून आली, तुझी मूठ लुगड्यातून सोडवली आणि तुला घेऊन गेली. या वेळी ती यायची नाही. तूच आपली मूठ सोडव, आणि लुगडं बघू नकोस, हात बघ.

तुझी कुणीच नसलेली,
मोहिनी